तेलाकडून विजेकडे : मोटारीआधी विहिरीने केलेला प्रवास

मोटार पेट्रोलवर चालावी की विजेवर, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाहन प्रदर्शनांतून विचारला जाऊ लागला, त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडातील शेतकऱ्यांनी तो आपल्या विहिरीपुरता सोडवून टाकला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या वरूड तालुक्यात तर या प्रश्नाचे उत्तर काय असते आणि त्या उत्तराची किंमत कोणती मोजावी लागते, हे दोन्ही पाहावयास मिळते. खनिज तेलाच्या परावलंबनातून सुटण्याचा मार्ग म्हणून विजेवरच्या वाहनांकडे पाहताना वरूडचा हा अनुभव उपयोगी पडावा.

अमरावती जिल्ह्यातील हा तालुका संत्र्यासाठी ओळखला जातो. ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ हे बिरूद त्याला कधीचेच चिकटले आहे. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमे दूरदूर जातात. संत्र्याचे झाड ताण सोसते, पण ठरावीक काळच. अंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि लगेच पुढे वऱ्हाडचा उन्हाळा उभा असतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या त्या दिवसांत बागेला पाणी हवेच. त्यामुळे येथे शेती म्हणजे पाणी उपसणे, आणि पाणी उपसणे म्हणजे ऊर्जा. ती कोठून आणायची, हा वरूडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आहे.

आधी मोट होती; बैलांची धाव हीच तिची ऊर्जा. मग विहिरीच्या काठावर तेलाचे इंजिन आले. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत महाराष्ट्राच्या शिवारांतून इंजिनाचा ठेका ऐकू येऊ लागला. बैलांना विसावा मिळाला खरा, पण शेतकरी प्रथमच तेलाच्या डब्याशी बांधला गेला. डिझेल महागले की पाणी महाग होई. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब आणि तारा गावोगाव पोचल्या आणि इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. मराठीत पंपालाही ‘मोटार’ आणि गाडीलाही ‘मोटार’ म्हणतात, हा योगायोग येथे अगदी चपखल बसतो. विजेवरची पहिली मोटार वऱ्हाडात आली ती रस्त्यावर नव्हे, विहिरीवर.

या बदलाने तेलाचा खर्च गेला. अश्वशक्तीच्या हिशोबाने ठोक बिल येऊ लागले, तेव्हा मोटार दोन तास चालली काय किंवा दहा तास चालली काय, रक्कम तीच. पुढे पाणबुडी पंप आले, विहिरींच्या जोडीला कूपनलिका आल्या आणि त्या शेकडो फूट खोल जाऊ लागल्या. तेल वाचले, भूजल मात्र संपत चालले. वरूड आणि शेजारचा मोर्शी हे तालुके भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित ठरले, ‘ड्राय झोन’ हा शब्द तेथे सर्वतोमुखी झाला. एका इंधनाची जागा दुसऱ्याने घेतली की परावलंबन नाहीसे होतेच असे नाही, कधी कधी ते फक्त जागा बदलते. विजेवरच्या वाहनांचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे बरे.

तेलाचा फास

भारत हा तेलाच्या बाबतीत गरीब देश आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल उत्पादक देशांनी पुरवठा आखडला आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. त्याच सुमारास, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तेल सापडले. ‘बॉम्बे हाय’ने १९७६ पासून उत्पादन सुरू केले आणि देशाला काही काळ दिलासा मिळाला. परंतु मागणी उत्पादनापेक्षा कितीतरी वेगाने वाढली. १९९० च्या आखाती संकटाने तेलाचे बिल इतके फुगवले की, परकीय चलनाच्या टंचाईत १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने परदेशात गहाण टाकावे लागले. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भारताने आपल्या गरजेच्या सुमारे ८७ टक्के कच्चे तेल आयात केले आणि त्यापोटी सुमारे १५८ अब्ज डॉलर मोजले.

भाव चढला की पंपावरचा दर वाढतो. भाव उतरला की मात्र तो तेवढ्याच तत्परतेने उतरत नाही, हा ग्राहकाचा नेहमीचा अनुभव. त्याला कारण आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. पण जागतिक भाव कोसळले तेव्हा करही वाढविले गेले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे तेलाला गिऱ्हाईक नव्हते अशा काळात, केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढविला. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने, तर जुलै २०२२ मध्ये राज्याने करात कपात केली, तरी राज्यातील पेट्रोल शंभरच्या खाली आले नाही. २०१८ आणि २०२१ च्या दरवाढीत राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांमध्ये परभणीबरोबर अमरावतीचे नाव वारंवार येत असे. किनाऱ्यापासून जितके आत जावे, तितका वाहतुकीचा खर्च दरात मिसळत जातो. परभणीला इंधन येते ते दूरच्या मनमाडहून, पश्चिम विदर्भातील बहुतेक पंपांना अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून. टँकरदेखील डिझेलच जाळीत येतो.

या तेलाचे होते काय, हे पाहिले तर विजेच्या मोटारीविषयीचा एक गैरसमज दूर होतो. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे २२ कोटी ३० लाख टन पेट्रोलियम पदार्थ वापरले गेले. त्यात डिझेल सुमारे ८ कोटी ६० लाख टन होते, तर पेट्रोल फक्त साडेतीन कोटी टन. या साडेतीन कोटींतही मोटारींचा वाटा दुय्यम आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षासाठी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी गाड्या पितात, असे आढळले होते. मोटारींचा वाटा सुमारे ३४ टक्के होता. म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या सर्वच मोटारी उद्या विजेवर धावू लागल्या, तरी देशाच्या तेलाच्या एकूण वापरातून वीसात एक भाग जेमतेम वजा होईल. तेलाचा खरा ग्राहक ट्रक, टेम्पो, बस, ट्रॅक्टर आणि दुचाकी हा आहे. विजेच्या मोटारीची चर्चा होते ती नेमकी तेलाच्या लहान गिऱ्हाइकाची. पण महागाईचा चटका ज्याला बसतो तो मोटारवालाच वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो, हेही खरे.

जुनीच नवलाई

विजेवर चालणारी वाहने महाराष्ट्राला नवीन नाहीत. मुंबईत घोड्यांच्या ट्रामची जागा १९०७ मध्ये विजेच्या ट्रामने घेतली आणि ती १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली. १९६२ ते १९७१ या काळात मुंबईच्या रस्त्यांवर ट्रॉलीबसही होत्या. या सर्वांना वीज वरच्या तारेतून मिळे. अडचण होती ती तारेपासून सुटून हिंडणाऱ्या गाडीची, म्हणजे बॅटरीची. तेलाची टंचाई दुसऱ्या महायुद्धातही जाणवली होती. पण त्या वेळी पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या गॅसवर चालविण्यात आल्या. बॅटरीचा विचार कोणी केला नाही, कारण शिशाच्या बॅटरीत साठणारी वीज तिच्या वजनाच्या मानाने फारच थोडी असे.

बॅटरीच्या प्रगतीला धक्का दिला तो तेलानेच. १९७३ च्या संकटानंतर अमेरिकेतील ‘एक्झॉन’ या तेल कंपनीने पर्यायी ऊर्जेच्या संशोधनासाठी पैसा खर्च केला आणि तेथे स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमवर चालणारी पुनर्भारित बॅटरी तयार केली. तेच काम जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी पुढे नेले. तिघांनाही २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेल विकणाऱ्याने आपल्याच धंद्याच्या प्रतिस्पर्ध्याला जन्माला घातले, असा हा प्रकार. २०१० च्या तुलनेत लिथियम-आयन बॅटरीच्या किमती २०२४ पर्यंत सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आणि विजेची मोटार प्रदर्शनातून दुकानात आली.

भारतात ती त्याआधीच आली होती. चेतन मैनी यांनी बंगळुरूत घडविलेली ‘रेवा’ २००१ मध्ये बाजारात आली. दोन दारांची, शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी, एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाणारी ही इवलीशी गाडी लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने बरीच खपली, कारण तेथील मध्यवर्ती भागात प्रवेश करताना द्यावे लागणारे शुल्क तिला माफ होते. भारतात तिला तशी सवलत नव्हती आणि ग्राहकही फारसा नव्हता. वरूडहून अमरावती साधारण ९० किलोमीटर. रेवा मालकाला मोर्शीच्या पुढे कोठेतरी सोडून थांबली असती. २०१० मध्ये महिंद्रने ही कंपनी ताब्यात घेतली. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये ‘नेक्सॉन’ची विद्युत आवृत्ती आणली, तिच्या ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीवर चाचणीत ३१२ किलोमीटर अंतर नोंदले गेले. प्रत्यक्ष रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून, यापेक्षा बरेच कमी अंतर मिळते. तरीही वरूड-अमरावती-वरूड हा फेरा तिला अवघड नाही.

नागपूरचा धडा

वरूडपासून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या नागपुरात विजेच्या मोटारींचा एक प्रयोग झाला. तो फसला असे म्हणणे कठोर होईल, पण ठरल्याप्रमाणे झाला नाही, एवढे निश्चित. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने सुमारे २०० विद्युत वाहनांचा ताफा नागपुरात रस्त्यावर आणला. त्यात महिंद्रच्या छोट्या मोटारींचा मोठा वाटा होता. देशातील असा हा पहिलाच ताफा. वर्ष पुरते होण्याआधीच चालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे, भर उन्हाळ्यात वातानुकूलन चालविले की अंतर कमी भरे, आणि टॅक्सीवाल्याचा रांगेत गेलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली फेरी. एका चार्जिंग केंद्रापुढील गर्दीने रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि ते केंद्र बंद करावे लागले. अनेक चालकांना पुन्हा डिझेलची गाडी हवी होती.

या प्रयोगात गाडीत दोष फारसा नव्हता. दोष हिशोबात होता. पेट्रोल भरायला पाच मिनिटे पुरतात, म्हणून थोडे पंप शेकडो गाड्यांना पुरतात. चार्जिंगला तास लागत असेल, तर तेवढ्याच गाड्यांना कितीतरी पट जास्त जागा हवी. टॅक्सी दिवसभर धावते, तिला ही वाट पाहणे परवडत नाही. उलट घरची गाडी रात्रभर अंगणात उभीच असते. तिचे चार्जिंग झोपेत होते. त्यामुळे विजेच्या गाडीला सर्वांत अनुकूल घर हे उंच इमारतीतील सदनिका नसून, स्वतःचे अंगण आणि स्वतःचा मीटर असलेले तालुक्याच्या गावातील घर आहे. मुंबईत अनेकांना पार्किंगच्या जागी चार्जिंगचा प्लग बसविण्यासाठी गृहनिर्माण संस्थेची मनधरणी करावी लागते. वरूडला ही अडचण नाही. तेथे प्रश्न प्लगच्या मागचा आहे.

पैशाचा हिशोब

पेट्रोलचे इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. विजेची मोटार बॅटरीतील ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा चाकांना देते. विजेच्या गाडीचे अर्थशास्त्र मुख्यतः या फरकावर उभे आहे. लिटरला १६ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला १०५ रुपये दराने किलोमीटरमागे साडेसहा रुपये पडतात. विजेची लहान मोटार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली गळती आणि वरच्या टप्प्याचा घरगुती दर लक्षात घेऊन युनिटला १२ रुपये धरले, तरी खर्च पावणेदोन रुपयांच्या आत राहतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेचार हजारांहून अधिक रुपये वाचतात. मात्र गाडी घेताना दोन-तीन लाख जास्त द्यावे लागत असतील, तर ते भरून यायला चार-पाच वर्षे जातात. महिन्याला तीनशे किलोमीटरच फिरणाऱ्याचे कधीच भरून येत नाहीत. महामार्गावरच्या जलद चार्जरवर दर जास्त असतो, तेथे फायदा आणखी कमी. बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, हेही वऱ्हाडच्या माणसाने विसरू नये. गाडी सावलीत उभी करण्याची सवय येथे पैशाची आहे.

दुचाकीचा हिशोब अधिक सोपा. तिची बॅटरी दोन-तीन युनिटांची, साध्या प्लगवर चालणारी, आणि धाव शेत ते गाव, गाव ते बाजार अशी. एकेकाळी १९७२ साली आलेल्या ‘लुना’ने दुधाच्या किटल्या आणि भाजीच्या पिशव्या वाहून ग्रामीण महाराष्ट्राला स्वस्त गती दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची विद्युत आवृत्ती आली, ती सुमारे ७० हजार रुपयांना. पेट्रोलचा सर्वांत मोठा वाटा दुचाकी पितात हे आकडे पाहता, तेल आयातीच्या दृष्टीने दिमाखदार मोटारीपेक्षा ही लुनाच महत्त्वाची.

उरला मालवाहतुकीचा प्रश्न, आणि वरूडचे पोट त्यावरच आहे. तोडलेला संत्रा क्रेटमध्ये भरून गावातल्या खळ्यापर्यंत, तेथून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत, आणि पुढे दिल्ली, कोलकाता, दक्षिणेकडे आणि बांगलादेशाच्या सीमेपर्यंत जातो. डिझेल महागले की व्यापारी ते भाडे बागेच्या भावातून वजा करतो. संत्र्याचा भाव पडण्याची कारणे अनेक असतात, त्यातले हे एक सहसा बोलले जात नाही. २०२२ मध्ये आलेल्या टाटाच्या विद्युत ‘एस’ टेम्पोचे चाचणीतील अंतर १५४ किलोमीटर, सुरुवातीची वहनक्षमता ६०० किलो. बागेतून बाजारात न्यायला तो पुरेसा आहे. कळमन्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचे, तर वाटेत कोठेतरी चार्जिंग हवे. कोलकात्याला जाणारा ट्रक मात्र आणखी बराच काळ डिझेलवरच धावणार, हे मान्य करावे लागते.

पण लांब पल्ल्याला आणखी एक वाहन आहे. नरखेड-अमरावती रेल्वेमार्गावर वरूडचे स्थानक आहे. त्याचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’. हा मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. मध्य रेल्वेच्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाल्याने आता या रुळांवरही वीज आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरकडे संत्र्याची किसान रेल रवाना झाली, तेव्हा भाड्यात ५० टक्के सवलत होती. रेल्वेचा डबा ट्रकच्या तुलनेत टनामागे अगदी थोडी ऊर्जा खातो, तीही विजेची. वरूडच्या संत्र्याला तेलापासून सोडविणारे सर्वांत मोठे विद्युत वाहन चाकाखाली डांबर असलेले नाही, रूळ असलेले आहे. सवलत आणि वेळापत्रक यांची शाश्वती नसेल तर व्यापारी ट्रककडे वळतो, हा दोष तंत्राचा म्हणता येणार नाही.

वीज येते कोठून

देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के कोळशाची आहे. विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि अमरावतीजवळच्या नांदगावपेठेची धुराडी त्याच्याच अंगणात आहेत. तेलाऐवजी वीज वापरली म्हणजे आखातातील तेलाऐवजी वणी-चंद्रपूरचा कोळसा जाळला, असा त्याचा अर्थ होतो. परकीय चलन वाचते, शहरातील धूरही कमी होतो. चंद्रपूरकरांचा मात्र वाढतो. विद्युत मोटारीला ‘धूररहित’ म्हणण्याऐवजी ‘धूर दुसरीकडे सोडणारी’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. एकूण हिशोबात तिचे कर्ब उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा कमीच भरते, पण कितीने कमी, हे विजेच्या स्रोतावर ठरते.

दुसरी बाब वाहिनीची. २००५ नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने रोज बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. तो काळ सरला. गावठाणासाठी वेगळी वाहिनी झाली, घरांत दिवे राहू लागले. शेतीला मात्र तीन फेजचा पुरवठा दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून-पालटून, असाच राहिला. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या भयात संत्र्याला पाणी देणारा शेतकरी हा विजेच्या वेळापत्रकाचा कैदी असतो. आता यात वाहनांची भर घाला. घरगुती मोटार चार्जर साधारण ३.३ किलोवॅट वीज ओढतो. गावातल्या ६३ केव्हीएच्या रोहित्रावर वीस घरांनी एकाच रात्री गाड्या लावल्या, तर दिवे-पंखे सोडून केवळ गाड्यांनीच त्याची क्षमता संपते. रोहित्र जळाले की काय होते, हे वऱ्हाडात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. नवे बसेपर्यंतचे दिवस झाडावरची फळे मोजत काढावे लागतात. मोटारींची संख्या वाढण्याआधी रोहित्रे वाढली नाहीत, तर नागपूरच्या रांगा गल्लीबोळांत दिसतील.

यावर उत्तर आकाशातून येऊ शकते. वऱ्हाडचा जो सूर्य बॅटरीचे आयुष्य कमी करतो, तोच छपरावरच्या एका किलोवॅटच्या सौर संचातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. असा संच दिवसाला सुमारे बारा युनिट देतो. त्यावर लहान मोटार ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर जाते, म्हणजे जवळजवळ वरूडहून अमरावतीपर्यंत. शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. शेतीला दिवसा वीज मिळाली, तर रात्रीची वीज गाड्यांना मोकळी होते. भूजलाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. सौर पंपाला बिलच नसते, त्यामुळे उपशाला उरलासुरला लगामही जातो.

आयातीचे काय? लिथियम ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतून निघते, त्यावरची प्रक्रिया बहुतांशी चीनमध्ये होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन साठ्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला, पण त्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. तेव्हा आखाताऐवजी चीनवर विसंबण्यात शहाणपण कोणते, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही, पण दोन्ही परावलंबने सारखी नाहीत. तेल रोज विकत घेऊन रोज जाळावे लागते. आयात आठवडाभर थांबली तर गाडी थांबते. बॅटरी आठ-दहा वर्षांतून एकदा घ्यावी लागते, पुरवठा थांबला तरी जुनी गाडी चालत राहते, आणि मोडीत निघाल्यावर तिच्यातील धातू परत काढता येतात.

धोरणांचा इतिहास फार उत्साहवर्धक नाही. २०१३ मध्ये केंद्राने २०२० पर्यंत साठ-सत्तर लाख विद्युत व संकरित वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते फारच दूर राहिले. राज्याचे पहिले विद्युत वाहन धोरण २०१८ मध्ये आले, नंतर २०२१ आणि २०२५ मध्ये त्यात बदल झाले. २०२५ च्या धोरणाने विद्युत मोटारी व बसगाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवरील पथकर माफ केला. समृद्धी अमरावती जिल्ह्यातून जातो खरा, पण वरूडपासून बराच दक्षिणेने. तेथील रस्त्यांना या माफीचा उपयोग नाही. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ज्या मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली होती. पुढे ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरले, त्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत. मोटार नसलेल्या बहुसंख्यांना तेलाच्या भाववाढीची झळ तिकिटातून लागते. त्यांच्यासाठी विजेची गाडी म्हणजे वरूडच्या स्थानकात येऊन उभी राहणारी बसच.

राज्य आणि केंद्राच्या तिजोऱ्याही तेलाशी बांधलेल्या आहेत. प्रत्येक लिटरमागचा कर हा दोघांचाही मोठा, बिनबोभाट जमा होणारा महसूल आहे. विजेच्या गाड्या खरोखरच वाढल्या, तर तो दुसऱ्या कोठून तरी काढावा लागेल. विजेच्या युनिटावर, रस्त्याच्या वापरावर किंवा गाडीच्या नोंदणीवर. वर केलेला पावणेदोन रुपयांचा हिशोब त्या दिवशी पुन्हा मांडावा लागेल. तोवर तालुक्यात आधी दुचाकी, मग बागेतून बाजारात जाणारा टेम्पो आणि त्यानंतर मोटार, असाच हा बदल होत जाण्याची शक्यता अधिक.